चषकपेशी

मेणाच्या ठोकळ्यात बसवलेलं कुणाचं तरी पोट
मी पाच मायक्रॉन जाडीनं कापते.
पट्टी कोमट पाण्यावर सुरकुतते, मग सैलावते,
कुंचल्याच्या टोकानं तिला काचेवर ओढून घ्यायचं.
बाहेर उणे एकतीस. उलानबातरचा कोळशाचा धूर
फटीत चिंध्या कोंबूनही आत येतोच.
माझ्या बाटल्यांना त्याचं सोयरसुतक नाही:
आधी निळा, मग नळाचं पाणी, मग गुलाबी.

आई या नोकरीला "धुणं" म्हणते.
खोटं नाही.
खांगाईच्या डोंगरात, थंडीच्या तोंडावर मेंढी कापली
की मांस पुरुषांकडे, पोट-आतडी बायकांकडे.
मी आठ वर्षांची, त्सेंदमा मावशीशेजारी उकिडवी,
वाफाळतं पाणी, बोटांच्या पेरांत चरबी,
आणि आतडं उलटं करता करता ती म्हणायची,
"घाई नको गं. आतल्याला आणखी एक आत असतं."

बोटांना तेव्हा जे नुसतं बुळबुळीत लागलं
ते आता भिंगाखाली नावागावासकट दिसतं.
जठरात खळगे, खळग्यांतून खाली उतरणाऱ्या ग्रंथी,
तळाशी जांभळट पेशी,
वर फुगीर गुलाबी, तळलेल्या अंड्यांसारख्या,
ज्या आम्ल सोडतात,
आणि त्या आम्लापासून पोटाला वाचवायला
शेंबडाचा एक पातळ थर. बस्स, एवढंच.

पुढे लहान आतड्यात बोटंच बोटं,
बोटांच्या मुळाशी विहिरी,
विहिरींच्या तळाला लाल दाण्यांचे पहारेकरी.
त्यांच्या शेजारीच नव्या पेशी जन्मतात,
बोट चढत चढत टोकाला पोचतात
आणि चार-पाच दिवसांत गळून जातात.
म्हणजे गेल्या आठवड्यात ज्या अस्तरानं
माझं मटणाचं सूप शोषलं, ते अस्तर आता नाही.
आईला सांगितलं.
ती म्हणाली, "मग भूक जुनी कशी राहते?"

आज चारशे बारा.
पुरुष, एकोणसाठ. जठराचा तुकडा, भाताच्या शिताएवढा.
नाव कागदावर नसतं, पण गाव होतं,
आमच्या गावाच्या पलीकडचं, नदी ओलांडली की.
रंग चढवून बघते तर
जठराच्या भिंतीत चषकपेशी!
पेल्यासारख्या फुगलेल्या, निळसर फेस भरलेल्या,
आतड्याच्या रहिवासी.
तुम्ही इकडे कुठं गं बायांनो?

डॉक्टर बाद्राख मान वर न करता म्हणाले,
मीठ, धूर, जळजळ, वर्षानुवर्षं सोसलं
की जठर कधीकधी आतडं व्हायला लागतं.
"वाईट नाही अजून. चांगलंही नाही.
वर्षानं परत बोलवा."

ते गेल्यावर मी काच पुन्हा सरकवली.
झुडच्या हिवाळ्यात आमची मेंढरं
उभ्या उभ्या गोठली, बर्फाखालचं गवत न मिळता,
तेव्हा आम्हीही असेच इथं आलो.
टेकडीच्या उतारावर, फळ्यांच्या कुंपणात,
दुसऱ्यांच्या दोन गेरांमध्ये आमचं गेर ठोकलं.
शेजारी वर्षभर नुसते बघत होते,
याचं पुढे काय होतं ते.
आईनं तिथंही पहिल्या दिवशी चहा उकळला,
खारट,
आणि कुंपणावरून एक वाटी पलीकडे दिली.

संध्याकाळी ट्रकवाल्यानं पुडकं आणलं.
मावशीनं मेंढीच्या पोटात भरून शिवलेलं लोणी,
दगडासारखं गोठलेलं.
आईनं सुरीनं शिवण उसवली, साल सोलली,
आणि लोण्यावर उमटली होती
पोटाच्या आतल्या बाजूची नक्षी,
बारीक बारीक, रांगेनं नाही, दाटीवाटीनं.
मी दिव्याखाली धरून बघत राहिले.
"खा की," आई म्हणाली, "का त्यालाही रंग लावणार?"
मग ती साल बोटांत चिमटीनं मोजत तिनं विचारलं,
"आणि हे गं, किती मायक्रॉन?"