वेगळी वाटी

पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीत
एक निळा ठिपका उमटला. तेवढाच.
रक्ताचे तीन थेंब, दहा मिनिटं,
आणि डॉक्टरीण सबेला चष्मा काढत म्हणाली,
ल्युकेमियाचा विषाणू. पेर्सेबेला आहे, फार्रूकाला नाही.

पेर्सेबे आमच्या गालिसियात खडकाला चिकटून असतं,
लाटेला ते सुटत नाही.
हाही तसाच, पहिल्या दिवसापासून माझ्या खांद्याला.

मी विचारलं, कुठे भांडला असेल का?
नाही, चावण्यातून होतो तो दुसरा.
हा चाटण्यातून. एका वाटीत जेवण्यातून.
एकमेकांचे कान साफ करण्यातून.
तीन हिवाळे दोघं एकाच टोपलीत.
फार्रूका सुटली कशी, ते तिलाही सांगता येईना.

चव्वेचाळीस वर्षं मी धक्क्यावर जाळी सांधते.
म्हणून तिने मला जाळ्याच्या भाषेत समजावलं:
हा फाटलेल्या जागी बसत नाही, ओबदुलिया,
धड विणीतच आपली गाठ मारतो,
तुझ्याच दोऱ्याने.
सोडवता येईल?
विचारलं खरं, पण उत्तर मलाच ठाऊक होतं.
जाळं कापावं लागतं.

घरी येऊन वाट्या वेगळ्या केल्या.
त्याची ती टवका उडालेली.
उकळत्या पाण्यात धरली आणि हात थांबला.
बाबांचा कप असाच चुलीशी वेगळा असायचा.
क्षय. मी सहा वर्षांची. कुणी शिवायचं नाही.
एका पहाटे आई त्याच कपातून कॉफी पिताना दिसली,
उभ्यानेच, पाठमोरी.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
आज मांजराला सांगितलं.

मधलं दार लावलं.
दोन दिवस दोन्हीकडून नखं वाजली,
मग वाजेनाशी झाली.
माझी समजूत घालायचं त्यांनी सोडून दिलं असावं.

तो अजून सार्डिन खातो. डोकं आधी.
किती दिवस, ते मी विचारलेलं नाही.

माणसाला होत नाही, सबेला म्हणाली होती,
आणि बाहेर वाळला की मरतो.
म्हणून रात्री जाळं घेऊन मी त्याच्या बाजूला बसते.
तो सुई बघतो, दोरा बघतो, झोपतो.
मग नियमाप्रमाणे कोपरापर्यंत हात धुते,
अ‍ॅप्रन बदलते, दार ओढून घेते.

फार्रूका येते, माझं मनगट हुंगते,
साबणाच्या खाली काहीतरी शोधत,
बराच वेळ.