मार्चचा बोर्ड, नोव्हेंबरचा प्रोसेसर

पंखा फिरतो. दिवा लागतो.
पडदा काळा.

पुन्हा.
पंखा फिरतो. दिवा लागतो. पडदा काळा.

माइते म्हणते, तीओ एलिसेओ, बटण मी दाबते,
तुम्ही फक्त ऐका.
एकतीस वर्षं सामुद्रधुनीतल्या फेरीबोटीचं इंजिन ऐकलं मी,
पोर्वेनीरच्या वाटेवर कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय
ते तळव्यांना आधी कळायचं, कानांना मागून.
हे यंत्र मात्र तोंड उघडत नाही.
बोर्डाच्या कडेला एक लाल ठिपका,
शेजारी तीन अक्षरं: सीपीयू.
तक्रार एवढीच.

मग शहाण्या माणसांनी करावं ते सगळं केलं.
रॅमची एक पट्टी काढली, दुसऱ्या खाचेत घातली.
ग्राफिक कार्ड उपसून परत बसवलं, कट् होईतो.
आठ पिनांची वीजतार जोडायची राहिली असेल
असं मला फार वाटत होतं.
राहिली नव्हती.
नाण्याएवढी बॅटरी काढून दहा मिनिटं मोजली,
तेवढ्यात येर्बाचा कडू काढा झाला, थंडही झाला.
बाहेर वारा छपराचे पत्रे उचकटून बघत होता.

शेवटी प्रोसेसरच काढला. पेस्ट पुसली.
भिंगाखाली रांगेमागून रांग, तेराशे एकतीस पिना;
कोपऱ्यातली एक जराशी कलंडलेली,
कुणी हाक मारली म्हणून वळल्यासारखी.
माइतेने शिसं काढलेल्या पेन्सिलीचं टोक तिच्यावर चढवलं
आणि श्वास धरून तिला सरळ केलं.
सोनेरी त्रिकोण त्रिकोणावर.
न दाबता, आपल्या वजनाने बसला,
रोजच्या चपलेत पाय सरकावा तसा.

पंखा फिरतो. दिवा लागतो.

माझ्या तोंडून शिवी गेली.
माइतेने ती जपून ठेवली असणार.

दानित्सा व्रसालोविचने दुकानात
बोर्डाला हात लावलाच नाही. रिकामा खोका उलटा केला,
चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचला.
बोर्ड मार्चचा, म्हणाली, आणि प्रोसेसर नोव्हेंबरचा.
हा कारखान्यातून निघाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता.
खाच तीच, पिना तेवढ्याच,
म्हणून बसू देतो. पण यादीत नाव नाही त्याचं.

मग बोर्ड बदलू?

नको. नवी यादी देता येते.
पण ती वाचायला जागं तर व्हायला हवं,
आणि जागं करायला त्याच्या ओळखीचंच कुणी लागतं.

तिने गल्ल्याखालून बिस्किटांची डबी काढली.
आत कापसावर एक जुना प्रोसेसर,
दोनच कोअर, मंद, कडा घासलेल्या.
याच्यावर कुणी काम करत नाही, म्हणाली,
हा नुसता उठवायला जातो.
वहीत सही करा.
वहीत वरती मुलींची शाळा होती,
एक दंतवैद्य, खेकडेवाल्या यान्येसची बायको.
तिच्या नावाखाली मी माझं लिहिलं.

पंखा फिरला, दिवा लागला,
आणि पडद्यावर करडी अक्षरं.
माइते ओरडली नाही. पेनड्राइव्ह लावला.
पडद्याने सांगितलं: वीज बंद करू नका.
हे वाऱ्याला कोण सांगणार?

बारा टक्के. एकोणीस.
डोक्यावरचा बल्ब एकदा मिचकला.
माइतेने टेबलाची कड धरली,
चौकात वाऱ्याच्या दिवशी बांधलेला दोर
लोक धरतात तशी.
चाळीस. चाळीस. चाळीस.
मी इंजिनघरात म्हणायचो ते म्हटलं, मनात.
एकसष्ट.

नंतर तिने नवा बसवला.
मी जुन्यावरची पेस्ट पुसत होतो,
हवी त्याहून जास्त वेळ, कापसाच्या बोळ्याने, कडांपाशीसुद्धा.
मागून ती म्हणाली, तीओ, बघा, ओळखलं!
हो, म्हटलं, येतो.
दुकान सातला बंद होतं.

डबी कोटाच्या आतल्या खिशात.
कोपऱ्यावर दोर हाताला लागला,
गार, ताणलेला.
पलीकडून एक बाई येत होती तोच दोर धरून;
आम्ही एकमेकांना वाट देत
बराच वेळ हात बदलत राहिलो.