पावडरवरच्या खुणा

सकाळी साडेसहानंतर हॉल माझा.
तोवर त्यांचा.
ली गावातला खाणकामगारांचा क्लब;
खाण कधीच बुजवली, क्लब तेवढा उरला,
आणि महिन्यातून एक शनिवार
रात्रभर नाचणारी ही साठी-पासष्टीची पोरं.

मी नाचत नाही.
मी पुसतो.
घसरावं म्हणून ते लाकडावर टाल्कम शिंपडतात,
कातडी तळव्यांचे बूट तीवर गरगरतात
आणि पहाटे जमीन मला सगळं सांगते.
जिथे पांढरं पार झिजून
खालचं मेपल दिसायला लागलंय,
तिथे ओळखीची गाणी वाजली.
पहिला ठोका पडायच्या आधीच, सुईच्या खरखरीवरून
त्यांना कळतं कुठलं आहे ते.
चहाचे कप अर्धे टाकून धावतात,
गुडघे विसरतात.
त्याच जागी तीच टाळी, चाळीस वर्षं.

सेल्विन हार्ग्रीव्ह्जला हे सोसत नाही.
जुनं ते सोनं म्हणे,
मग सोनाराकडे जा, माझ्याकडे कशाला येता?
तो डेट्रॉइटला गेला होता स्वतःच्या पैशानं,
कुणाच्या तरी गॅरेजात, पेंटच्या डब्यांमागे,
ओल लागलेल्या खोक्यात हात घालून
त्यानं एक सात इंची तबकडी काढली.
गायिकेचं नाव कुणालाच माहीत नाही.
त्याला माहीत असेल तर तो सांगत नाही,
वर कोरा कागद चिकटवलाय.

पहाटे पावणेतीनला त्यानं ती लावली.
सगळ्यांना एकदम तहान लागली.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात;
इथे नव्याला अडीच मिनिटं मिळतात,
तीही संडासाच्या रांगेतून ऐकायला.

त्या सकाळी मात्र
रेडिएटरजवळच्या कोपऱ्यात, अगदी अस्पर्श पावडरीत,
एकाच जोडीच्या खुणा होत्या.
लहान पाऊल. डावं थोडं ओढलेलं.
एक गिरकी, मग तोल जाऊन
भिंतीवर पाच बोटं.
पुढच्या महिन्यात परत. त्याच्या पुढच्या महिन्यात परत.
चौथ्या वेळी मी लवकर आलो,
बादली दाराबाहेर ठेवली आणि पाहिलं.

ग्लेनिस ओकडेन. बेकरीतली.
मला वाटलं, हिला दुर्मिळ मालाची पारख असेल,
त्या पेट्यावाल्या पुरुषांसारखी,
जे ऐकण्याआधी किंमत विचारतात.
कोट घेताना विचारलंच.
ती म्हणाली,
"छे रे. ते जुनं प्रत्येक गाणं डेस्मंडनं भरलंय.
कुठे तो मला बसस्टॉपवर सोडून गेला,
कुठे परत आला,
एकात तर त्याचं ऑपरेशन आहे.
पाय ठेवायला जागा नाही बघ.
ह्या पोरीच्या गाण्यात अजून कुणी राहत नाही."

मग ती पायऱ्या उतरली, एकेक,
कठड्याला धरून.
मी तो कोपरा शेवटी पुसला.
शेवटी, पण पुसला.

पुढे काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे.
आधी तिघं आले, मग विगनची एक अख्खी बस.
कुणीतरी टाळीची जागा शोधून काढली.
सेल्विननं कागद खरवडून नाव जाहीर केलं,
त्या रात्री त्याचा चेहरा
मुलगी सासरी पाठवल्यासारखा.
आता सुईच्या खरखरीवरूनच ते धावतात,
रेडिएटरपर्यंत मेपल उघडं पडतं.

आणि ग्लेनिस? ते लागलं की
चहाच्या टेबलाशी जाते, कप दोन्ही हातांत धरते.
मागच्या शनिवारी मी काही न बोलता
तिच्याकडे पाहिलं.
"गर्दी झाली," ती म्हणाली,
"आणि खरं सांगू? तूही आलास त्यात.
बादली घेऊन दारात."

तिकडे सेल्विन
दुसरं ओलसर खोकं उघडत होता.