घोटा

पांढऱ्या चिकटपट्टीचा आवाज
चार हजारांच्या सभागृहात कुणाला ऐकू येत नाही.
मला येतो. माझं कामच ते:
सामन्याआधी दीड तास
तौरासचा उजवा घोटा मांडीवर घ्यायचा,
टाच काटकोनात धरायची
आणि आठाच्या आकड्यात पट्टी फिरवत राहायची.

शौलाईत त्या दिवशी उणे अठरा.
खिडकीच्या काचेवर आतून बर्फ.
छताकडे बघत तो म्हणाला,
"म्हाताऱ्याला सांग, शेवटी चेंडू माझ्याकडे राहू दे."
"तूच सांग."
"आमचा अबोला आहे."
दोन मीटर सहा सेंटिमीटरचा माणूस
अबोला म्हणाला.

तो नोव्हेंबरपासूनचा.
रिमविदासनं एकच पास
चाळीस वेळा घोटून घेतला त्याच्याकडून,
नव्या पोरांच्या देखत.
एकेचाळिसाव्याला यानं चेंडू गॅलरीत भिरकावला,
आणि वर जाऊन तो आणायचा कुणी
यावर दोघं अर्धा तास उभे.
शेवटी सफाईवाली ओना घेऊन आली,
दोघांच्या मधोमध ठेवला,
म्हणाली, "मला फरशी पुसायचीय."

तौरास गेल्यावर रिमविदास दाराशी आला.
आत येत नाही तो. चौकट धरून,
डाव्या पायावर भार न देता उभा राहतो.
"किती मिनिटं?"
"बावीस. ओढूनताणून चोवीस."
मान हलवून गेला.

चोविसावं मिनिट आलं तेव्हा
सामन्याची अडीच मिनिटं उरली होती
आणि आम्ही तीन गुणांनी पुढे.
त्यानं बोट वर केलं. तौरास बाहेर.
सगळं सभागृह एका घशानं ओरडलं.
पेन्शनरांच्या रांगेतून एक लोकरी हातमोजा आला,
रिमविदासच्या खांद्यावर पडला, तिथंच राहिला.
तौरासनं डोक्यावर टॉवेल ओढला
आणि बुटाची नाडी सोडली.

नऊ सेकंद. एका गुणानं मागे.
रिमविदास बाकाकडे वळला. "जा" म्हणणारच होता,
तोंड उघडलंही होतं.
मग नाडी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.
आणि पाठवलं एका अठरा वर्षांच्या पोराला,
ज्याच्या शर्टावर अजून नावही शिवलेलं नव्हतं.
चेंडू रिंगवरून दोनदा फिरला
आणि नको त्या बाजूला पडला.

पत्रकारांनी विचारलं, दुखापत होती का?
"नाही. मला तो मैदानात नको होता."
तौरास हे माझ्या टेबलावर आडवा पडून
फोनवर ऐकत होता.
"ऐकलंस?" म्हणाला.
मी पट्टी कापत होते. कात्री घोट्याच्या हाडाशी होती,
तिथं हात हलून चालत नाही.
तिसऱ्या रांगेत व्हॅलेन्सियाहून आलेला माणूस
वही घेऊन बसला होता,
आणि दुखऱ्या घोट्याला तिकडे कुणी भाव देत नाही,
हे मी सांगू शकले असते.
बावीस हा आकडा माझा होता, हेही.
बर्फ बांधला. म्हटलं, वीस मिनिटं.

अकरा वाजता रिमविदास पहिल्यांदा आत आला.
विजार गुडघ्यापर्यंत वर केली:
जुनी शिवण, वाकडी, घाईत घातलेली.
त्याला त्या वयात कुणी
किती मिनिटं असं विचारलं नव्हतं, एवढंच मला माहीत आहे.
"शिव्या दिल्या असतील त्यानं."
"नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं.
"द्यायला हव्या होत्या."

जाताना खिशातून तो हातमोजा काढला,
राखाडी, अंगठ्यापाशी उसवलेला.
"एकच आहे," म्हणाला.
"ओनाला विचार कुणाचा ते.
घरी कसा गेला असेल तो माणूस."