उन्हाळी

पारा सेहेचाळीसच्या वर गेला की या शहरात
कुणालाही लघवीला आग होते.
उन्हाळी लागली म्हणतात. धन्याचं पाणी प्या,
सब्जा भिजत घाला, कूलरला नवा वाळा लावा.
देवचंद हेडाऊनं तेच केलं, अकरा दिवस.
मग गोळीबार चौकातून चार कॅप्सूल सुट्या घेतल्या,
दोन खाल्ल्या, बरं वाटलं,
दोन खिशात राहिल्या.
त्या त्यानं मला दाखवल्या, घामानं फुगलेल्या.

"गर्मीनं झालं मॅडम. मे महिना होय."
मी हो म्हटलं
आणि काच पुसली.

जांभळा एक मिनिट. आयोडीन एक मिनिट.
मग स्पिरिट, थेंब थेंब,
जांभळं पाणी यायचं थांबेस्तोवर.
इथे घाई केली की काच खोटं बोलते.
माझे वडील सूत रंगवायचे;
पक्का रंग धुण्यात टिकतो, कच्चा जातो,
एवढं घरूनच शिकून मी मेडिकलच्या तळमजल्यावर आले.
हे कच्चे. जांभळा सोडतात, शेवटचा गुलाबी धरतात.

तेलाचा थेंब. भिंग खाली.
पुवाच्या पेशीच्या पोटात, जोडीजोडीनं,
वालाच्या दाण्यांसारखे,
सपाट कुशी एकमेकांकडे करून,
एका चादरीत नवरा-बायको झोपावेत तसे.

रजिस्टरातलं नाव लांबलचक आहे.
आमच्या आजोबांच्या वेळी परमा म्हणत
आणि म्हणताना दाराकडे बघत.

शेजारच्या खोलीत कुंदा गजभिये राखाडी पाकीट फोडते.
दोन गोळ्या, तिच्यासमोर, आत्ताच.
रक्तही देऊन जा. आणि बायकोला आणा.
"तिले तं काहीच नाही."
"म्हणूनच."
त्यानं कार्डाच्या चार घड्या केल्या,
मोबाइलच्या कव्हरात सरकवल्या.

एकोणिसाव्या दिवशी ती आली. एकटी.
रत्नमाला. कार्ड घड्यांवर फाटलेलं.
तिची काच मी वीस मिनिटं पाहिली.
बायकांच्या काचेवर ते असले तरी लपतात,
म्हणून पाकीट द्यायचंच असतं.
कुठून आणलं, कोणापासून, तिनं काही विचारलं नाही.
विचारलं ते हे:
"किती दिवसाचं असन?"

लग्नाला सहा वर्षं. धंतोलीतले दोन डॉक्टर,
ताजबागेतला धागा, सासूचं तोंड.
"नळ्या बंद हायेत म्हने माह्या."
थांबली.
"माह्या,"
पुन्हा म्हणाली, दुकानदारानं दिलेली नोट
उजेडात धरून बघावी तशी.

कुंदानं माझ्याकडे पाहिलं.
काच इतकं जुनं सांगत नाही, मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
पण त्या दिवशी डबा उघडला, भाजी तशीच परत नेली.

गोळ्या घेतल्या. वरून ग्लासभर पाणी.
"एखादा कागद भेटते का? घरी दाखवाले."
कागद देत नाही आम्ही. इथे नाव कुलपात ठेवतात,
त्याचं, आणि त्यासोबत तिचंही.
बरं, म्हणाली. ओढणी तोंडाला गुंडाळली,
डोळे तेवढे उघडे.
फाटकाबाहेर सगळ्याच तशा,
भर दुपारी, गाडीवर, पायी, चेहरे बांधून.
तिची पाठ दोन क्षण ओळखू आली,
मग नाही.

मी तिची काच ब्लीचच्या बादलीत सोडली.
तिच्या आकड्यासमोर लिहिलं: दिसले नाहीत.
नव्हते, असं आम्ही लिहीत नाही.