चार हात डावीकडे

दिवाळी सरली की मस्टर उघडतं.
माणसं गेल्या सालचीच, सब्बली गेल्या सालच्याच,
फक्त वाट नसते.
चार महिन्यांत गोरेवाड्याचं गवत
तिच्यावर असं बसलेलं असतं
की इथून कुणी कधी गेलंच नसावं.

साहेबांच्या मोबाइलमध्ये एक निळी रेघ आहे.
ती घाणेरीच्या जाळीत शिरते आणि थांबते.
पंचफुला उईके चपला काढते,
तळव्यांनी जमीन चाचपत निघते,
अंधारात माचिस शोधावी तशी.
एका जागी थबकून म्हणते, "हे पाय. मुरूम लागला."
आमच्याकडे 'पाहा'ला 'पाय' म्हणतात.
त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

घाणेरी मुळासकट काढावी लागते,
वरवर छाटली तर दुप्पट होऊन येते.
दोघांनी ओढायचं, तिसऱ्यानं सब्बल रेटायची.
मूळ सुटलं की तिघंही उताणे,
आणि देवचंद ओरडतो, "झाली बाप्पा मोकळी!"
हातांना तोच उग्र वास,
डब्यातल्या वांग्यालाही.

माझं बी.ए. झालंय, म्हणून हजेरी माझ्याकडे.
एक माणूस, एक दिवस, एक उभी रेघ.

मागच्या फाल्गुनात, जाळरेषा झाल्यावर,
वाटेच्या कडेला दगड लावत होतो.
टिटवी डोक्यावर किंचाळत घिरट्या घालू लागली.
खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी.
पंचफुलानं दोरी उचलली
आणि खुंटी चार हात डावीकडे ठोकली.

"वाट वाकडी काऊन केली?"
"वाट हाय जी ते, फूटपट्टी नोहे."
साहेब अंड्यांकडे पाहत राहिले,
मग टोपी काढून घाम पुसला.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : खडक.

पिल्लं निघाली की मुंगसानं नेली, कळलं नाही.
मस्टर त्याआधीच बंद झालं.
पंचफुला देवलापारकडे मोहफुलं वेचायला गेली,
देवचंद गल्लोगल्ली कूलरच्या ताट्या बदलायला,
आणि मी कुठे गेलो
ते सांगण्यासारखं नाही.

यंदा तिच्या तळव्यांना ते वळणही सापडलं.
टिटवी नव्हती. खुंटी कुजलेली.
सरळ करायला अर्धा दिवस पुरला असता,
कुणी विषय काढला नाही.

रविवारी सकाळी लोक येतात, धुतलेल्या बुटांत.
एक गृहस्थ लेकीला सांगत होते,
"बघ, इथं माणसाचा हात लागलेला नाही."
देवचंदनं घमेलं गुडघ्यावर टेकवून
त्यांना पुढे जाऊ दिलं.

बोलता बोलता ते दोघं वळले,
चार हात डावीकडे,
आणि पुढे पुन्हा उजवीकडे आले,
मोकळ्या जमिनीला
वळसा घालून.