शेऱ्याच्या रकान्यात

तिपाईच्या आडव्या दांड्यावर काचेचे दोन डोळे:
एक आभाळाकडे, एक पालथा, जमिनीकडे.
वरचा मोजतो आलेलं ऊन,
खालचा, जमिनीने परत केलेलं.
"जमाखर्च आहे," मी पेर्देबाय आजोबांना सांगते.
"मग उधारी कोणाकडे?" ते विचारतात,
आणि डोळे किलकिले करून
सांडणीच्या सावलीत बसून राहतात.

मोयनाकच्या उत्तरेला, समुद्राच्या तळावर आहोत आम्ही.
समुद्र नाही. शिंपले आहेत,
ते बुटाखाली स्वतःच काय ते सांगतात.
मीठ फुललंय. पापुद्रा पांढरा, सपाट,
टिचकी मारली तर भाजल्या पापडासारखा वाजतो.
शंभरातलं सत्तेचाळीस परत.

सकाळी दोनशे पावलांपलीकडे होते.
तिथे वाऱ्याने मीठ खरवडून नेलंय,
खालून राखी चिकणमाती उघडी पडलीय. एकोणतीस.
तिच्याच शेजारी नांगराचे तास,
मार्चमध्ये आम्ही साक्सौलची रोपं लावली तिथले.
ढेकळं एकमेकांच्या अंगावर सावल्या टाकतात,
ऊन फटीत शिरतं, या कडेवरून त्या कडेवर आपटतं,
बाहेरची वाट हरवून बसतं.
बावीस.

तीच माती, तोच रंग. नुसती विस्कटलेली.
आकडा लिहून झाला तरी
पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकलेली राहिली.

"पाणी आम्ही असंच ओळखायचो," आजोबा म्हणतात,
"खोल असलं की ऊन गिळायचं,
उथळ असलं की तोंडावर थुंकायचं.
जाळं कुठे टाकायचं ते डोळ्यांना कळायचं."
आणि बोलता बोलता पियालीतला गार चहा
भिरकावला, जुन्या सवयीने,
नेमका पालथ्या डोळ्याखाली.

मी ओरडले.
सत्तेचाळीसचं सेहेचाळीस.

आजोबा उठले. वाकून आकडा बघितला,
मग तो डाग, तपकिरी, हाताच्या पंजाएवढा.
"एका पियालीने एवढं?"
मी म्हटलं, हो, पण वाळेल,
आणि वाळताना मीठच वर आणेल.
त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.
किटलीत उरलेला सगळा चहा ओतला,
चोथ्यासकट, सावकाश, गोल गोल.

दिवसभरात पहिल्यांदाच
पापण्या न आवळता
ते जमिनीकडे बघत होते.

मी वेळ लिहिली: बारा अठ्ठेचाळीस.
आकडा लिहिला, खोडला नाही.
शेऱ्याच्या रकान्यात: चहा.